पोलिसांवरचा ताण : गुन्हेगारापेक्षा ड्युटीची यादी जास्त छळते

एम.ए. मानसशास्त्राच्या एका विद्यार्थिनीला पोलिसांच्या कामातल्या ताणावर प्रबंधिका लिहायची आहे. तिने प्रश्नावलीचा कच्चा मसुदा पाठवला आहे. त्यातले बहुतेक प्रश्न हिंसा, मृतदेह, गोळीबार आणि गुन्हेगारांची भीती यांवर आहेत. ‘ताणाची मुख्य कारणं हीच ना? आणखी काय घालू?’ असं तिने विचारलंय.

मी उपनिरीक्षक म्हणून खात्यात आलो आणि निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. मधली काही वर्षं प्रशिक्षण केंद्रात शिकवलं. निवृत्तीनंतर समुपदेशनाचं शिक्षण घेतलं आणि आता पोलीस व त्यांच्या घरच्यांशीच जास्त बोलणं होतं. त्यामुळे उत्तर लांबणार, तेवढं सहन करा.

तुमच्या मसुद्यातले प्रश्न चुकीचे नाहीत, पण जोर भलतीकडेच पडलाय. माझ्यासमोर बसून डोळ्यांत पाणी आणलेले पोलीस पुष्कळ पाहिले. गुन्हेगाराच्या धाकाने रडलेला त्यात एकही आठवत नाही. कुणाची रजा नाकारलेली असते, कुणी बापाच्या अंत्यविधीला पोचेपर्यंत सरण विझलेलं असतं, कुणाला चार माणसांदेखत साहेबांनी आईवरून शिवी दिलेली असते, तर कुणाच्या हातात न केलेल्या कसुरीची नोटीस असते.

अभ्यासकांनी याचे दोन कप्पे केलेत. मॅक्रिअरी आणि थॉम्पसन या कॅनडातल्या संशोधकांनी २००६ मध्ये खास पोलिसांसाठी प्रत्येकी वीस प्रश्नांच्या दोन प्रश्नावल्या प्रसिद्ध केल्या. एक प्रत्यक्ष कामातून येणाऱ्या ताणाची : रात्रपाळी, जादा काम, धोका, घरी द्यायला वेळ नसणं. दुसरी खात्याच्या कारभारातून येणाऱ्या ताणाची : वरिष्ठांची वागणूक, कागदांचा ढीग, अपुरी माणसं, एकाला एक न्याय आणि दुसऱ्याला दुसरा. या दोन्ही मिळवून वाचा. परदेशातल्या बऱ्याच पाहण्यांत दुसरा कप्पा पहिल्याच्या बरोबरीने किंवा त्याहून जड भरला आहे, आणि आपल्याकडे तो हलका भरेल असं मला अजिबात वाटत नाही. रॉबर्ट कॅरासेक यांचं १९७९ चं सूत्र तुमच्या अभ्यासक्रमात असेलच : कामाचा रेटा मोठा आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, अशी नोकरी माणसाला सर्वांत लवकर झिजवते. शिपायाची नोकरी या सूत्रात तंतोतंत बसते.

ताबा नसणं कायद्यापासूनच सुरू होतं. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ नुसार पोलीस नेहमीच कामावर आहे असं समजलं जातं, आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावता येतं. १८६१ च्या पोलीस कायद्यातलं कलम २२ हेच सांगतं. हेतू वाईट नव्हता. सुट्टीवरच्या पोलिसासमोर चोरी झाली तर त्याने ‘मी ड्युटीवर नाही’ म्हणू नये, एवढाच. पण व्यवहारात हे वाक्य ऐकू येतं ते रजेचा अर्ज परत करताना. ‘पोलीस चोवीस तास ड्युटीवर असतो’ हे म्हणणाऱ्या साहेबाला त्या दिवशी माणूस कमी पडत असतो, बाकी काही नाही.

आता ठाण्यात या. पोलीस ठाण्यात शिपायाच्या आयुष्यावर सर्वांत जास्त सत्ता चालते ती हजेरी मास्तरची. कोणी कुठे उभं राहायचं हे तो लावतो. संध्याकाळी उद्याच्या नेमणुका घेऊन बसलेला हजेरी मास्तर एकदा बघा. पूर्वी वही असायची, आता यादी ठाण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडते. मंजूर संख्येतून आधी रिक्त जागा वजा होतात. मग ‘संलग्न’ माणसं, म्हणजे ज्यांचा पगार या ठाण्याच्या नावावर निघतो पण जी वरच्या कुठल्या तरी कार्यालयात बसतात. मग कोर्ट, समन्स-वॉरंट, सीसीटीएनएस (गुन्ह्यांची संगणकावरची नोंद), बारनिशी (आवक-जावक), गोपनीय, मुद्देमाल, आरोपी पार्टी (आरोपींची ने-आण), हॉस्पिटल गार्ड, गाडीचे चालक. रजेवरचे, आजारी, प्रशिक्षणाला गेलेले. एवढं काढल्यावर बीटवर आणि नाकाबंदीला पाठवायला उरतात ती बोटांवर मोजण्याइतकी माणसं. कशीबशी यादी बसते, ग्रुपवर जाते, आणि रात्री दहाला कंट्रोलचा निरोप येतो : उद्या सकाळी सातला इतकी माणसं बंदोबस्ताला द्या. यादी मोडली. ज्याची साप्ताहिक सुट्टी, त्याच्या नावावर काट. तिकडे ‘उद्या राणीच्या बागेत जाऊ’ असं मुलीला सांगून झोपलेल्या शिपायाचा फोन वाजतो. मुलीला सकाळी आईने सांगायचं.

या नोकरीतल्या ताणाचा गाभा मला तरी इथे दिसतो. बारा तास उभं राहणं शरीर सोसतं; बारा तास राबणारी माणसं गिरणीतही होती आणि शेतात आजही आहेत. पण आपली सुट्टी आपली आहे की नाही हे आदल्या रात्रीपर्यंत ठाऊक नसलं, की माणूस काही ठरवणंच सोडून देतो. लग्नाच्या पत्रिकेवर ‘येण्याचा प्रयत्न करतो’, शाळेतल्या पालकसभेला ‘जमलं तर’, बायकोला ‘बघू’. हळूहळू घरचेही विचारेनासे होतात. तुमच्या प्रश्नावलीत ‘तुम्ही दिवसाला किती तास काम करता’ असा प्रश्न आहे. तो ठेवा, पण त्याच्या शेजारी ‘उद्याची ड्युटी तुम्हाला साधारण किती तास आधी कळते’ हा घाला. दोन्हींपैकी कुठला आकडा ताणाशी जास्त जुळतो ते पाहा. मला उत्तर काय येईल याचा अंदाज आहे, पण तुमचं तुम्ही तपासा.

याच यादीला लागून अन्यायाची भावना येते. सुट्टी कापली जाते ती बहुतेक वेळा त्याच पाच-सहा जणांची. जो ओरडत नाही, ज्याचा कोणी मामा वर बसलेला नाही, ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याची. मर्जीतला माणूस पासपोर्ट पडताळणीला, बाकीचे आरोपी पार्टीला. कष्टापेक्षा ही असमानता जास्त जिव्हारी लागते, कारण ती रोज यादीत नावानिशी छापलेली दिसते.

तासांबद्दल आपल्याकडे काही झालंच नाही असं नाही. २०१६ मध्ये मुंबईत देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. कल्पना तिथल्याच एका शिपायाने मांडली होती आणि तेव्हाचे आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी ती उचलून धरली, पुढे इतर ठाण्यांतही नेली. नंतर संजय पांडे महासंचालक असताना महिला अंमलदारांना आठ तास देण्याचे आदेश निघाले. त्या काळात ज्यांच्याशी बोललो त्यांना चार तास वाचल्याचा आनंद होताच, पण त्यांच्या बोलण्यात वारंवार यायचं ते वेगळंच : पुढच्या आठवड्यात आपण कुठल्या पाळीत आहोत हे आधी कळतं. कर्जत-कसाऱ्याहून किंवा विरारहून ये-जा करणाऱ्याला त्यावर गाडी, झोप, मुलाची शिकवणी, सगळं बसवता येतं. अडचण एकच. आठ तास टिकतात ते मोठा बंदोबस्त येईपर्यंत, आणि आपल्या राज्यात बंदोबस्ताला ऋतू नाही.

पंचांग हातात घेऊन बसा. आषाढी वारी, दहीहंडी, गणपती, नवरात्र, सहा डिसेंबर, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, एकतीस डिसेंबर, लगेच एक जानेवारीला पेरणे फाटा, शिवजयंती, चौदा एप्रिल. मध्येच निवडणुका, मोर्चे, व्हीआयपी दौरे, क्रिकेटचा सामना. इतरांचा सण म्हणजे पोलिसाची हमखास ड्युटी. पुण्याची विसर्जन मिरवणूक अनंत चतुर्दशीला सकाळी सुरू होते आणि दुसरा दिवस उजाडून वर आला तरी संपलेली नसते. बाहेरच्या जिल्ह्यातून आलेल्या शिपायाला आदल्या रात्री शाळेच्या वर्गात सतरंजीवर झोपवलेलं असतं. पॉइंट मिळतो तो एखाद्या गल्लीच्या तोंडाशी. स्पीकरची भिंत दहा फुटांवर, छातीत धडधड बाहेरून की आतून ते कळत नाही. जेवणाचं पाकीट येतं तेव्हा पुरीचा पापड झालेला असतो आणि भाजीला वास. बदली माणूस आल्याशिवाय हलायचं नाही, आणि बदली माणूस स्वतःच दुसऱ्या पॉइंटवर अडकलेला. त्या उभ्या माणसाला पहाटे चार वाजता एखादा मंडळाचा कार्यकर्ता नाक्यावरून शिवी घालतो. त्या क्षणी हवालदाराचा हात उठला, तर दुसऱ्या दिवशी बातमी फक्त हाताची होते.

महिला अंमलदारांचं याहून अवघड. भरतीत तीस टक्के आरक्षण आलं, मुली मोठ्या संख्येने आल्या, उत्तम काम करतात. पॉइंटवर स्वच्छतागृह मात्र आलं नाही. मग मुली पाणीच पीत नाहीत. सकाळी सहापासून घोटभर पाण्यावर उभं राहायचं, आणि वर्षा-दोन वर्षांत मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा. पाळीचे दिवस, बाळंतपणानंतर दूध पाजण्याची वेळ, यावर हजेरी मास्तरशी बोलायचं म्हणजे पुरुषासमोर बोलायचं. काही ठिकाणी महिला हजेरी मास्तर नेमल्यावर हा प्रश्न निम्मा हलका झालेला मी पाहिलाय, आणि त्याला सरकारचा रुपया लागला नाही. हे कारण तुमच्या मसुद्यात अजिबात नाही. घाला.

तपास करणाऱ्यांचा ताण वेगळ्या जातीचा असतो. तो तारखांचा. आरोपी अटकेत असेल तर गुन्ह्याच्या शिक्षेनुसार साठ किंवा नव्वद दिवसांत दोषारोपपत्र कोर्टात गेलं पाहिजे. एक दिवस चुकला तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो आणि तपासी अधिकाऱ्याला चौकशी. आता एका उपनिरीक्षकाकडे एकाच वेळी अनेक गुन्हे, त्यात मारामारी, फसवणूक, पळवून नेलेली मुलगी, आणि वर अर्ज चौकशा. सत्तावन्नावा दिवस आहे, सी.ए.चा, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा, अहवाल प्रयोगशाळेतून आलेला नाही, एक पंच गावाला गेलाय, डॉक्टरांच्या दाखल्यावर सही राहिलीय, आणि आजचा दिवस मंत्र्यांच्या दौऱ्याला गेला. रात्री अकराला युनिफॉर्म न उतरवता तो केस डायरी लिहायला बसतो. तपास आणि कायदा-सुव्यवस्था यांची माणसं वेगळी करा, असं सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंग खटल्यात २२ सप्टेंबर २००६ ला सांगितलं. ठाण्याच्या पातळीवर आजही तोच माणूस सकाळी लाठी घेऊन मोर्चात असतो आणि संध्याकाळी पंचनामा लिहीत असतो.

त्यात १ जुलै २०२४ ला नवे कायदे आले. खून, फसवणूक आणि सरकारी कामात अडथळा यांसाठी वीस-पंचवीस वर्षं ३०२, ४२० आणि ३५३ जिभेवर असलेल्या हवालदाराला एका रात्रीत १०३, ३१८ आणि १३२ म्हणावं लागलं. हे पाठांतर जमतं, त्याचा बाऊ नको. पण झडतीचं चित्रीकरण बंधनकारक झालं, सात वर्षं आणि त्यावर शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथक घटनास्थळी आणायचं, नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला तपासाची प्रगती कळवायची. या तरतुदी चांगल्या आहेत, मी त्यांच्या बाजूचा आहे. मात्र काम वाढलं त्या प्रमाणात माणसं आणि साधनं ठाण्यात पोचलेली नाहीत. कितीतरी ठिकाणी चित्रीकरण शिपायाच्या स्वतःच्या फोनवर चालतं. पन्नाशीतल्या हवालदाराला अ‍ॅपमध्ये फाइल चढत नाही म्हणून पोराएवढ्या शिपायापुढे हात जोडावे लागतात. ही लाज कुठल्या प्रश्नावलीत मोजतात मला माहीत नाही, पण ती खरी आहे.

आता तुमच्या मूळ विषयाकडे, मृतदेह आणि हिंसा. हा ताण नाही असं माझं म्हणणं नाही. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दर वर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. ते सगळं लोहमार्ग पोलीस उचलतात. रुळावरून तुकडे गोळा करून घ्यायचे, इन्क्वेस्ट पंचनामा, ए.डी. (अकस्मात मृत्यूची नोंद) दाखल, मृतदेह शवागारात. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात जेवण जात नाही, पुढे जातं. कुर्ल्याकडच्या एका जुन्या हवालदाराने मला सांगितलेलं लक्षात राहिलंय : “साहेब, बॉडीचं काही वाटत नाही. तिच्या खिशातला फोन वाजतो ना, स्क्रीनवर ‘आई’ लिहिलेलं असतं, तो उचलायचा असतो.” तो फोन कसा उचलावा, पहिलं वाक्य काय बोलावं, समोरून किंकाळी आली तर काय करावं, हे माझ्या काळात आम्हाला कुणी शिकवलं नाही. कवायत शिकवली, कायदा शिकवला. आणि असा फोन उचलल्यावर त्याच पाळीत पुढच्या ए.डी.ला जावं लागतं. म्हणजे इथेही धक्का बसतो तो कामाचा, पण तो मुरतो खात्याच्या पद्धतीमुळे. मध्ये दहा मिनिटं चहा घेऊन ‘बस जरा’ म्हणणारा ठाणे अंमलदार भेटला तर फरक पडतो. भेटणं मात्र नशिबाचं.

धोक्याचंही तसंच. गडचिरोलीत १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. तिथे काम केलेल्यांना भीतीबद्दल विचारलं तर ते नाकारत नाहीत. पण सोबतीबद्दल जास्त बोलतात. जंगलात मागचा माणूस आपल्यासाठी उभा राहील याची खात्री असते. तेच जवान शहरात बदलून आल्यावर म्हणतात, इथे आपल्यामागे कोण आहे तेच कळत नाही. मला हे वाक्य तुमच्या प्रबंधिकेच्या दृष्टीने मोलाचं वाटतं. एकटं पडलेल्याला छोटा धक्काही पेलवत नाही.

मागे कोण आहे, हा प्रश्न वरिष्ठांपाशी येऊन थांबतो. खात्याला शिस्त हवी याबद्दल वाद नाही. हत्यार हातात असलेल्या दलात ‘बघू, जमलं तर करू’ चालत नाही. पण शिस्त आणि अपमान यांत फरक आहे आणि तो पुष्कळांना शिकवलाच गेलेला नाही. वायरलेसवर सगळ्या ठाण्यांना ऐकू जाईल अशी खरडपट्टी काढणं, रोल कॉलला वयाने मोठ्या एएसआयला (सहायक उपनिरीक्षकाला) एकेरीत बोलणं, हे ‘कडक साहेब’ म्हणून खपतं. १९५६ च्या शिक्षा व अपील नियमांनुसार ठपक्यापासून बडतर्फीपर्यंत शिक्षा आहेत, अपिलाची सोयही आहे. तरी चौकशी लटकत राहणं हीच मोठी शिक्षा असते. विभागीय चौकशी सुरू आहे म्हणून पदोन्नती बंद लिफाफ्यात, निकाल काही येत नाही, आणि निवृत्ती जवळ येते. निर्दोष सुटलेल्याला ती वर्षं कोणी परत देत नाही.

अधिकाऱ्यांचंही फार सुखाचं नसतं, हेही लिहा. निरीक्षकाला ठाण्यात साधारण दोन वर्षं द्यावीत असं महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम २२न सांगतं. त्याच कलमात मध्यावधी बदलीची वाटही आहे, आणि वर्दळ त्या वाटेवरच जास्त. कारवाई केली की एक फोन येतो, नाही केली की दुसरा. दोन्ही फोन तोंडी, जबाबदारी मात्र लेखी. मे अखेरच्या बदल्यांच्या सुमारास पोरांच्या शाळेचं काय करायचं हे जून उजाडेपर्यंत ठरत नाही. मग मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात) जाणारे जातात, बाकीचे साईड ब्रँचला, म्हणजे आडबाजूच्या शाखेत, दिवस काढतात. आणि वरून खाली दाब कसा उतरतो ते वेगळं सांगायला नको : आयुक्तालयात दुपारी झालेली क्राइम मीटिंग संध्याकाळी ठाण्यात शिपायाच्या डोक्यावर फुटते.

हे सगळं बोलायचं कुठे? बाकी सरकारी कर्मचाऱ्यांना संघटना आहे. पोलिसांना, त्यांच्या हक्कांवर निर्बंध घालणाऱ्या १९६६ च्या कायद्याने, तो हक्क जवळपास नाही. महाराष्ट्रात एक काळ पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना होती. १८ ऑगस्ट १९८२ ला मुंबईत पोलिसांचं आंदोलन पेटलं, रस्त्यावर दंगल झाली, लष्कर बोलवावं लागलं, आणि संघटनेचा विषय तिथेच संपला. ज्या दलाने दंगल आवरायची त्याने ती करावी याचं समर्थन मी करणार नाही. पण संघटना गेल्यावर तिच्या जागी बोलायला दुसरं दार नीट उघडलंच नाही. दरबार भरतो, अधीक्षक विचारतात ‘कुणाची काही तक्रार?’ आणि शे-दोनशे माणसांतून एकही हात वर होत नाही. कारण तक्रार ज्याच्याविरुद्ध, तो साहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसलेला असतो. ओ.आर.मध्ये, म्हणजे ‘ऑर्डर्ली रूम’च्या वेळी, साहेबांना एकट्याने भेटता येतं, पण अर्ज त्याच माणसाच्या सहीने पुढे जातो.

पदोन्नतीबद्दल थोडक्यात. शिपाई म्हणून लागलेला माणूस तीस वर्षांत जेमतेम दोन-तीन पायऱ्या चढतो. २०२२ मध्ये नाईक हे पद काढून टाकल्यावर वाट थोडी आखूड झाली. पण समोर जे एपीआय (सहायक निरीक्षक) उभे असतात ते मुलाच्या वयाचे, आणि त्यांना सलाम ठोकताना काय वाटतं हे कोणी विचारत नाही.

घर. मुंबईत कितीतरी पोलीस कुटुंबांनी बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत पिढी काढली. रात्रपाळी करून आलेल्याने दिवसा झोपायचं कुठे? त्याच खोलीत मुलं अभ्यास करतात, कुकरची शिट्टी वाजते. म्हणून तो लाईनमध्ये, म्हणजे पोलीस वसाहतीत, खाली कट्ट्यावर बसतो, आणि कट्ट्यावर संध्याकाळी बाटली येते. दारूचं कारण ‘पोलिसांना सवयच असते’ असं सांगितलं जातं; मी तर म्हणेन बऱ्याच जणांनी ती झोपेसाठी धरलेली असते. पगारातून पतसंस्थेचा हप्ता, डीजी लोनचा (खात्यामार्फत घेतलेल्या घरकर्जाचा) हप्ता कापून हातात जे येतं त्यावर घरात वाद. आणि ठाण्याची भाषा घरी आणायची सवय : मुलाने उशिरा आल्याचं कारण सांगितलं तर त्याचा जबाब घेतल्यासारखं बोलणं. मुलं घाबरतात किंवा कोडगी होतात. भ्रष्टाचाराबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण उत्तरात तो टाळणं खोटं ठरेल. जो घेत नाही तो एकटा पडतो, जो घेतो तो रात्री फोन वाजला की दचकतो. ताण दोघांनाही, जात वेगळी.

झोपेवर अमेरिकेत बफेलो शहराच्या पोलिसांचा अभ्यास वर्षानुवर्षं चालू आहे. जॉन व्हायोलांती आणि सहकाऱ्यांना रात्रपाळी, त्यावर कमी झोप किंवा जादा काम असणाऱ्यांत पोटाचा घेर, साखर, रक्तदाब यांच्या तक्रारी एकत्र जास्त दिसल्या. आपल्याकडे चाळिशीनंतरच्या आरोग्य तपासणीत वेगळं चित्र दिसेल असं मानायला कारण नाही. तपासणीतून काय हाती आलं याचा कागद हजेरी मास्तरपर्यंत पोचतो का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. साखर असलेल्या माणसाला सलग रात्रपाळ्या लागलेल्या मी कितीतरी याद्यांत पाहिल्यात.

लोकांचा राग आणि मोबाइलचा कॅमेरा हेही घाला, पण एका प्रश्नापुरतं. चित्रीकरणाने पोलिसाच्या हाताला लगाम बसला, ते चांगलंच झालं. त्रास होतो तो अर्ध्या मिनिटाचा तुकडा फिरवला जातो तेव्हा, आणि खात्याकडून खुलासा यायच्या आत निलंबन येतं तेव्हा. परत गोष्ट मागे कोण आहे यावर येते.

आता प्रश्नावली भरून घेण्याबद्दल. अधीक्षकांची किंवा उपायुक्तांची लेखी परवानगी आधी घ्या. ती नसेल तर एकही माणूस तोंड उघडणार नाही. परवानगी मिळाली की साहेब म्हणतील, सकाळच्या हजेरीला सगळे असतात, तेव्हाच वाटून टाका. ते करू नका. रांगेत उभं राहून, पुढे ठाणे अंमलदार असताना भरलेला फॉर्म म्हणजे शंभर टक्के समाधानी पोलीस. फॉर्मवर नाव, बक्कल नंबर काही नको. पद आणि सेवेची वर्षं पुरे, आणि छोटं ठाणं असेल तर पदही गाळा, कारण तिथे एकच महिला हवालदार असते. पोलीस लाईनमध्ये जा, पत्नींशी वेगळं बोला. पुरुष जे ‘थोडा थकवा’ म्हणून लिहितात त्याचं खरं वर्णन तिथे मिळेल.

मुलाखतीत कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचं बोललं, किंवा सर्व्हिस रिव्हॉल्वरकडे बोट दाखवून काही सूचक बोललं, तर फॉर्म बाजूला ठेवा. त्या माणसाला एकटं सोडू नका. तुमच्या मार्गदर्शकांना त्याच वेळी फोन लावा, घरच्या एखाद्या माणसाला बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथून मराठीत बोलता येतं. हत्यार काही दिवस जमा करता येतं, ते त्याच्या विश्वासातल्या अधिकाऱ्यामार्फत करवून घ्या. याची तयारी आधी करून मगच मैदानात उतरा.

राहिला शेवटचा बदल. मसुद्यात ‘तुम्हाला साप्ताहिक सुट्टी मिळते का’ असा होय-नाही प्रश्न आहे. त्याला सगळे ‘होय’ लिहितील, कारण नोंदीत ती मिळालेलीच असते. तो काढून दोन प्रश्न करा : गेल्या तीन महिन्यांत किती साप्ताहिक सुट्ट्या तुमच्या नावावर लागल्या, आणि त्यांपैकी किती दिवस तुम्ही खरोखर घरी होतात.